वाचकांचे प्रश्न : मित्रांनी मिळून काढलेली पुस्तिका

प्रश्न : आम्ही मिरजेतले पाच जण. दोघे लिहितो, एक मैत्रीण चित्रं काढते, एक मित्र फोटो काढतो आणि एक जण मांडणी करतो. गावातल्या सतारमेकरांवर ३२ पानांची पुस्तिका काढायची आहे. पण एकमेकांचं काम पाहताना एक तर ‘छान झालंय’ एवढंच होतं, नाहीतर कोणी तरी दुखावतं. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं आधी बंद करा. तिथे अंगठा दाखवून सुटता येतं. मजकूर कागदावर छापा, दोन ओळींत भरपूर अंतर आणि उजवीकडे दोन इंच समास ठेवा. वाचणाऱ्यानं तीनच खुणा करायच्या : अडखळलो तिथे फुली, आणखी हवं होतं तिथे अधिक आणि पटलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पहिल्या फेरीत कोणी कोणाचं वाक्य दुरुस्त करायचं नाही. सगळी भांडणं तिथेच होतात, कारण दुरुस्तीत वाचणाऱ्याची शैली घुसते आणि मूळ अडचण तशीच राहते. एका बैठकीत एकाचीच चार-पाच पानं घ्या. खुणांवर बोलणं चालू असताना पहिली वीस मिनिटं लेखकानं गप्प बसायचं. त्यानं तोंडी खुलासा केला की कागदावरची फट बुजल्यासारखी वाटते, आणि पुस्तिका विकत घेणाऱ्याजवळ तो खुलासा नसतो.

चित्रांचं याहून लवकर पाहा. पेन्सिलीचा कच्चा आराखडा असतानाच सगळ्यांनी बसा. शाई झाल्यावर चूक दाखवायची कोणाची छाती होत नाही.

यानंतरची फेरी मित्रांची नव्हे, सतारमेकरांची. चित्रं आणि मजकूर घेऊन दुकानात जा, गर्दीची वेळ टाळा. चित्रांत चुका राहतात : तानपुऱ्याला नसतात ते पडदे दाखवलेले असतात, सतारीच्या तरफांच्या (मुख्य तारांखालच्या, आपोआप झंकारणाऱ्या तारांच्या) खुंट्या चुकीच्या बाजूला असतात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दाखवलेला असतो. खरं तर त्या माथ्याला अगदी हलका उतार असतो, तार त्याला घासत जाते आणि जवारीचा, म्हणजे तो गुंजणारा, झणझणता आवाज तिथूनच येतो. कारागिराच्या हे एका नजरेत लक्षात येतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे एका ओळीत सांगून पुढे जा, ते सगळीकडे छापून आलंय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा कसा निवडतात, कोणता नाकारतात आणि का, कानस कुठे थांबते, हे मात्र गावात राहणाऱ्यालाच नीट विचारता येतं. तुमच्या पुस्तिकेचा जीव तिथे आहे. फोटो आणि नाव छापण्याची परवानगी लेखी घ्या, श्रेयनामावलीत कारागिराचं नाव लेखकांच्याच आकारात द्या आणि पाच प्रती पोचवा.

प्रश्न : छपाईत नेमकं काय बिघडतं? – तेच वाचक

उत्तर : ए-फोर कागद मधोमध दुमडला की ए-फाइव्हची चार पानं होतात. म्हणून ३२ पानांना आठ कागद आणि मुखपृष्ठ वेगळं. पानांची संख्या चारच्या पटीत नसली तर शेवटी कोरी पानं उरतात. आतला कागद ८० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ८० ग्रॅम) मॅपलिथो, हा साधा छपाईचा कागद, आणि मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड पुरे. कार्डाची घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेनं पडायला हवी, आडवी पडली तर कण्यावर रंग तडकतो. छापखान्यात ‘ग्रेन’ म्हटलं की समजतं. आधी क्रीझिंग करून, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ पाडून, मगच दुमडायला सांगा. दुमडलेले कागद एकात एक घातले की मधली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये कापली जातात, तेव्हा पानांचे आकडे कडेपासून किमान १० मिलिमीटर आत घ्या. चित्र कडेपर्यंत न्यायचं असेल तर ते कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर जादा न्या. फोटो छापायच्या आकारात ३०० डीपीआय (एका इंचात ३०० ठिपके), रेषाचित्रं ६०० किंवा अधिक.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं आहे. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं फुटतात, त्यामुळे बदल केल्यावर पुन्हा पहिल्यापासून प्रूफ वाचा. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ हा पर्याय निवडा आणि भाषा मराठी ठेवा, नाहीतर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकूर फक्त काळ्या शाईत हवा. चार रंग मिसळून केलेला काळा जरा सरकला तरी वेलांट्या धूसर होतात. शेवटचं प्रूफ पाचांपैकी कोणी वाचू नये. इतक्या वेळा वाचलेल्या मजकुरातली चूक डोळ्याला दिसत नाही.

प्रश्न : पैसे आणि हक्क कसे वाटायचे? मित्रांत लेखी करार बरा दिसतो का? – तेच वाचक

उत्तर : बरा दिसतो. एक पान पुरतं. ज्याचा लेख त्याचा हक्क, जिचं चित्र तिचा, आणि पुस्तिकेला या आवृत्तीपुरती छापण्याची परवानगी, असं लिहा. मुदत आणि प्रदेशही लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

समजा ३०० प्रतींचा खर्च १८,००० रुपये आला आणि किंमत १५० ठेवली. थेट विक्रीत १२० प्रतींत खर्च निघतो. दुकानाला ३५ टक्के दिले तर हातात ९७ रुपये ५० पैसे येतात आणि १८५ प्रती विकाव्या लागतात. म्हणून फुकट वाटायच्या प्रती आधीच ठरवा, आमच्या मते २५ च्या वर नकोत. बाकी मित्रांनी, नातेवाइकांनी आणि तुम्ही पाचांनीसुद्धा पूर्ण किमतीत घ्याव्यात. मित्राच्या कामाला पाठिंबा म्हणजे पहिल्या आठवड्यात पैसे मोजून घेतलेली प्रत. ‘आपल्यातच काय पैसे’ म्हणणारा मित्र पुढची पुस्तिका बंद पाडतो, मग मनात प्रेम कितीही असो. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून मोफत मिळतो. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह इतर तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, ती या २५ मध्येच धरा.

प्रश्न : दिवाळीतच काढावी का? – तेच वाचक

उत्तर : नको. तेव्हा छापखाने दिवाळी अंकांत गुंतलेले असतात आणि ३२ पानांचं काम मागे पडतं. मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. गाणारे, वाजवणारे, ऐकणारे तिथे बाहेरगावाहूनही येतात. तुमचा गिऱ्हाईक हाच. तारीख दर्ग्यातून पक्की करून घ्या आणि मागे मोजा : छपाई-बांधणीला दोन आठवडे, प्रूफला एक, मांडणीला तीन, कारागिरांच्या फेरीला दोन. टेबल मांडायची परवानगीही त्याच वेळी मागा.