मनातली ओढ समोरच्याला दिसत नाही, तेव्हा

प्रश्न : मी आठ वर्षे एका गोदामात मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम केले. वडिलांच्या आजारपणामुळे ती नोकरी सोडावी लागली आणि त्यानंतर सव्वा वर्ष मी घरीच होतो. आता वडील सावरले आहेत आणि मी पुन्हा नोकरी शोधतो आहे. आतापर्यंत तीन मुलाखती झाल्या. कुठल्याच प्रश्नाला अडलो नाही, तरी तिन्ही ठिकाणी नकार आला. तिसऱ्या ठिकाणी धीर करून कारण विचारले, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "तुमचा अनुभव चांगला आहे, पण तुम्हाला या कामात रस आहे असं आम्हाला वाटलं नाही." हे ऐकून मी सुन्न झालो. आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती, इतकी ती नोकरी मला हवी होती. माझे मेहुणे सांगतात की हल्ली स्वतःची जाहिरात करावीच लागते, तेव्हा हसून, मोठ्याने आणि थोडे वाढवून बोलत जा. मी मुळातच कमी बोलणारा माणूस आहे आणि असे वागणे मला पटतही नाही. नोकरीसाठी नाटक करावे लागते का? मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरे सोबत लिहून पाठवत आहे.

– एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नाटक करू नका, हे आधी सांगते. ते तुम्हाला जमणार नाही आणि जमले तरी नोकरी लागल्यावर रोज निभावावे लागेल. मात्र त्या बाईंचे म्हणणे अन्याय समजून बाजूला सारू नका. नकाराचे खरे कारण सहसा कोणी सांगत नाही; त्यांनी सांगितले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. तुमच्या मनात काय होते यावर त्या बोलल्याच नाहीत. त्यांच्यापर्यंत काय पोहोचले, एवढेच त्यांनी सांगितले.

आपली तळमळ इतकी खोल आहे की ती चेहऱ्यावर दिसतच असेल, असे तुम्ही धरून चालला होतात. आपण सगळेच असे धरून चालतो, आणि ते बहुतेक वेळा खरे नसते. केनेथ सावित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की लोकांसमोर बोलणाऱ्याला आपली घालमेल जितकी उघडी पडल्यासारखी वाटते, तितकी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. आणि ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणे अधिक चांगली झाली. भीती दिसत नाही, हा तुमच्यासारख्या माणसाला दिलासा आहे. पण जसे आतले भय दिसत नाही, तशी आतली ओढही आपोआप दिसत नाही. त्यातून चूक होऊ नये म्हणून जपून बोलणारा माणूस उत्तर आखूड करतो, आवाज सपाट ठेवतो, नजर टेबलावर ठेवतो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे कंटाळलेल्या माणसासारखेच दिसते. तुम्ही धास्तावलेले होतात. त्यांनी तुम्हाला उदासीन समजले.

आता तुम्ही पाठवलेल्या उत्तरांकडे वळते, कारण खरे दुखणे तिथे आहे. तुम्हाला विचारले गेले, "नोंदीतला आकडा आणि प्रत्यक्ष माल यांत फरक आला तर काय करता?" तुमचे उत्तर होते, "फरक शोधून दुरुस्त करतो. आमच्या टीमने असे बरेच प्रकार निस्तरले आहेत." यात चुकीचे काहीच नाही, पण हे उत्तर त्या खुर्चीवर बसलेला कोणीही देऊ शकला असता. ज्याने आयुष्यात कधी गोदाम पाहिले नाही, तोसुद्धा. समोर बसलेल्या व्यक्तीच्या बाजूने थोडा विचार करा. त्या दिवशी तिने आणखी काही उमेदवार पाहिलेले असतात. पुष्कळ ठिकाणी सर्वांना तेच प्रश्न विचारून प्रत्येक उत्तराला वेगळे गुण देण्याची पद्धत असते. जे सांगितले गेले नाही, त्याला गुण देता येत नाहीत. शेवटी ही मंडळी एकत्र बसतात तेव्हा तुम्ही तिथे नसता. तुमच्या वतीने कोणी बोलायचे झाले तर ते तिलाच बोलावे लागते. ‘फरक शोधून दुरुस्त करतो’ एवढ्या भांडवलावर तिने तुमची बाजू कशी मांडावी?

आणि भांडवल तुमच्याकडे होते! त्याच पत्रात पुढे, जवळजवळ जाता जाता, तुम्ही एका मालाची हकीकत लिहिली आहे. ती मला लिहिलीत, पण त्यांना सांगितली नाहीत. ती त्या खोलीत अशी सांगता आली असती :

"एका मालाचा साठा दर मोजणीला नोंदीपेक्षा जास्त भरायचा. कमी नाही ना, मग सोडून द्या, असं सगळे म्हणायचे. मला ते पटेना. मी परत आलेल्या मालाच्या पावत्या काढून तारखा जुळवल्या, तेव्हा कळलं की माल त्याच दिवशी रॅकवर लागतो, पण पावती कार्यालयातून फिरून आठवड्यानं नोंदीला येते. मग मी परत आलेल्या मालासाठी वेगळी जागा मागून घेतली आणि नोंद झाल्याशिवाय तो रॅकवर लावायचा नाही, असा नियम साहेबांकडून करून घेतला. पुढच्या मोजणीपासून तो फरक आला नाही."

हे सावकाश बोलायलाही मिनिटभर पुरते. यात हसू नाही, मोठा आवाज नाही, एक अक्षर वाढवलेले नाही. तरी ऐकणाऱ्याला कळते की आकडा जुळला नाही तर या माणसाला चैन पडत नाही, आणि याहून वेगळा ‘कामात रस’ कोणत्याही मालकाला नको असतो. तुमच्या आठ वर्षांत अशा आणखी चार-पाच हकीकती नक्की असतील. एखादी चूक तुमच्या हातून झाली आणि तुम्ही ती कशी सावरली, एखाद्या सहकाऱ्याशी खटका उडाला आणि काम कसे पुढे नेले, घाईच्या दिवसांत आधी काय हाती घेतले, हे आठवून लिहून काढा. प्रश्न शब्द बदलून येतात, पण याच प्रसंगांवर येऊन थांबतात.

तुमच्या सर्व उत्तरांत ‘आम्ही’ आहे, ‘मी’ जवळजवळ कुठेच नाही. हा तुमच्यावरचा संस्कार आहे आणि मला त्याबद्दल आदर वाटतो. पण नोकरी तुमच्या जुन्या टीमला द्यायची नसून तुम्हाला द्यायची आहे, आणि त्या कामात तुमचा वाटा कोणता होता हे विचारणाऱ्याला कळायलाच हवे. इतरांचे श्रेय इतरांना देऊन, ‘मोजणी चौघांनी केली, पावत्या मी जुळवल्या’ असे सांगणे हा गर्व होत नाही. ती अचूक नोंद आहे, आणि अचूक नोंदी ठेवणे हेच तर तुमचे काम आहे.

तुमचा दोष कोणता, या प्रश्नाला तुम्ही "मला प्रत्येक काम परफेक्ट लागतं" असे उत्तर दिलेत. हे उत्तर तुमचे नाही, कुठून तरी उचललेले आहे, आणि ऐकणाऱ्यांना ते लगेच ओळखू येते. ओवुल सेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2018 मधील संशोधनाचा निष्कर्ष असा आहे की नम्रतेच्या आडून केलेल्या बढाईपेक्षा सरळ केलेली बढाईसुद्धा लोकांना कमी खटकते, कारण आडून बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच शंका येते. तुम्ही पत्रात स्वतःचा खरा दोष लिहिला आहे : अडचणीचे मूळ सापडेपर्यंत तुम्ही ती वरिष्ठांच्या कानावर घालत नाही. तोच सांगा, आणि आता त्यावर काय करता तेही सांगा. अजून काही करत नसाल तर आधी ते सुरू करा.

मेहुण्यांचे सगळेच चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. शेवटचा शब्द ऐकू जाईल इतका आवाज हवा, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहून बोलावे. एक गुण दिसला की त्याच्या रंगात बाकीचे गुणही पाहिले जातात, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्येच लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेल्या गुणांवरून दाखवले होते; पुटपुटणाऱ्या माणसाचे ज्ञानही त्यामुळे अपुरे वाटू लागते. सुरुवात अडखळती झाली म्हणून मात्र सगळे संपले असे समजू नका. पहिल्या मिनिटातच निकाल लागतो, हा समज 2016 च्या एका मोठ्या अभ्यासात टिकला नाही. बहुतेक मुलाखतकारांचा निर्णय पहिल्या पाच मिनिटांनंतरच झाला होता. वाढवून बोलण्याचा सल्ला तेवढा सोडून द्या. पुढचाच प्रश्न तपशिलाचा येतो आणि वाढवलेले तिथे उघडे पडते.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान शेवटच्या उत्तराने केले. "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" यावर तुम्ही म्हणालात, "नाही, सगळं स्पष्ट आहे." त्यांचा वेळ घेऊ नये हा तुमचा भाव होता, हे मला समजते, पण जिथे रोजचे आठ-नऊ तास घालवायचे आहेत, त्या जागेबद्दल ज्याला काहीच जाणून घ्यायचे नाही, त्याला ती जागा हवी आहे असे कोणी कसे मानावे? मोजणी वर्षातून किती वेळा होते, परत आलेला माल कोण पाहते, नोंदी कोणत्या संगणक प्रणालीत ठेवल्या जातात, पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षित आहे, हे प्रश्न तुमच्याखेरीज कोणाला सुचणार? पगाराबद्दल विचारण्यात गैर काही नाही, फक्त तो एकमेव प्रश्न नसावा.

सव्वा वर्षाच्या खंडाविषयी तुम्ही "घरगुती अडचण होती" असे म्हणून खाली पाहिलेत. अशा अर्धवट वाक्याची उरलेली जागा ऐकणारा स्वतःच्या कल्पनेने भरतो, आणि ती कल्पना तुमच्या बाजूची असेलच असे नाही. "वडील आजारी होते, त्यांचं सगळं मलाच पाहायचं होतं म्हणून नोकरी सोडली, आता त्यांची तब्येत स्थिर आहे आणि मी पूर्ण वेळ काम करू शकतो." एवढे म्हणा आणि थांबा. आजाराचा तपशील द्यायला तुम्ही बांधील नाही. वडिलांची सेवा केल्याबद्दल कोणापुढे मान खाली घालण्याचे तर काहीच कारण नाही.

तिन्ही नकारांचे ओझे मात्र स्वतःवर घेऊ नका. कारण फक्त एका ठिकाणचे कळले आहे. कधी जागा आतल्याच माणसाला द्यायची आधीच ठरलेली असते, कधी भरतीच स्थगित होते, आणि उमेदवाराला यातले काही कळत नाही. मला असेही ठामपणे वाटते की कमी बोलणाऱ्याकडून दुसरा, तिसरा प्रश्न विचारून काढून घेणे हे मुलाखत घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. बोलका तोच कामसू, असे धरून चालणाऱ्या संस्था चांगली माणसे गमावतात. पण त्यांची पद्धत तुमच्या हातात नाही, तुमची उत्तरे आहेत.

म्हणून पुढच्या मुलाखतीपूर्वी लिहून काढलेल्या हकीकती मोठ्याने सांगण्याचा सराव करा. पाठ करू नका. पाठ केलेले बोलणे अडखळले की मागे येता येत नाही. ज्याला गोदामाच्या कामाची काहीही माहिती नाही, अशा कोणाला तरी समोर बसवा. बोलून झाल्यावर ‘कसे वाटले’ असे विचारू नका, कारण आपली माणसे ‘छान’ म्हणून मोकळी होतात. तुम्ही नेमके काय केले ते त्यांना त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. पावत्या, तारखा आणि ती वेगळी जागा त्यांच्या सांगण्यात आली तर उत्तर तयार आहे. आली नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सांगा.