जुनी सॅक आधी रिकामी करा, पिस्तुलाचं नंतर बघू

तुमची पोस्ट वाचली. एच-१बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहात, टेक्सासात डॅलसजवळ राहता, ऑफिसातल्या मित्रासोबत यूएसपीएसएची, म्हणजे पळत पळत नेम साधायच्या पिस्तूल-नेमबाजीची, मॅच बघून आलात आणि आता पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं असं विचारताय. इथवर ठीक. पण शेवटी जाता जाता लिहिलंय की सामानाला वेगळी बॅग घेणार नाही, लॅपटॉपची जुनी सॅक पडून आहे, आणि डिसेंबरात पुण्याला चक्कर आहे. पिस्तुलाची वीस उत्तरं तुम्हाला आलीत. सॅकबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, म्हणून मी लिहायला बसले.

माझीही लॅपटॉपची जुनी सॅकच होती.

मॅच तुम्ही पाहिलीय, तेव्हा प्राथमिक गोष्टी सोडते. स्टेज, म्हणजे मॅचमधला एक टप्पा, संपली की आरओ (रेंज ऑफिसर, तिथला पंच) म्हणतो, 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर.' मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची, की चेंबरमधली, म्हणजे नळीच्या तोंडाशी चढवलेली, उरलेली गोळी उडून बाहेर पडते. जुने लोक ती हवेतच झेलतात. नवे लोक झेलायला जातात आणि मग मातीत शोधत बसतात. सापडली की ती जाते खिशात, नाहीतर बॅगेच्या सगळ्यात जवळच्या कप्प्यात, कारण पुढच्याची पाळी आलेली असते आणि तुम्हाला टार्गेटवरच्या भोकांवर टेप लावायला पळायचं असतं. शिवाय बरेच जण सुरुवातीला वेगळ्या मॅगझिनमधून एक गोळी चेंबरमध्ये चढवतात, म्हणजे मुख्य मॅगझिन भरलेली राहते. त्यासाठीही दोनचार सुट्या गोळ्या कायम कुठेतरी लोळत असतात. दिवसाला पाच-सहा स्टेज, महिन्याला दोन मॅच. हिशेब तुम्हीच करा.

जानेवारी २०१८. जाताना ती सॅक मी घडी घालून मोठ्या सुटकेसमध्ये टाकली होती. अमेरिकेतून निघताना कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच. परतताना आईने इतकं दिलं की सॅक बाहेर काढून केबिन बॅग केली. मुंबई विमानतळ, रात्रीचे अकरा, फ्लाइट दीडची. एक्स-रेच्या पट्ट्यावर सॅक थांबली, मागे गेली, परत पुढे आली. सीआयएसएफचा जवान शांतपणे म्हणाला, "मॅडम, बॅग खोलनी पडेगी."

मेतकूट, गोडा मसाला, डिंकाचे लाडू, चार्जर, सगळं ट्रेमध्ये आलं. रिकामी सॅक पुन्हा मशीनमधून गेली. पडद्यावर तो ठिपका तिथेच. मग त्याने पुढच्या छोट्या कप्प्याचं अस्तर चिमटीत धरून शिवणीवरून बोट फिरवत नेलं. एका कोपऱ्यात अस्तर उसवलेलं होतं, आणि त्याच्या मागे, फोमला चिकटून, नऊ एमएमची एक गोळी. पितळी, टोकाला तांब्याची, करंगळीच्या दोन पेरांएवढीही नाही. मला ती ओळखीची वाटली, हे सांगायला आज लाज वाटते. ट्रेमध्ये टाकल्यावर तिचा टिक् असा आवाज झाला, तो अजून कानात आहे.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्यात दारूगोळाही येतो. पिस्तूल नसलं तरी, एकच गोळी असली तरी. गुन्हा नोंदला गेला. बाईला रात्री सहसा अटक करत नाहीत, म्हणून मला सकाळपर्यंत पोलीस ठाण्यात बाकावर बसवलं, सकाळी अटक दाखवली, दुपारी कोर्टात जामीन झाला, पासपोर्ट जमा. विमानतळावरचे आणि ठाण्यावरचे लोक वाईट वागले नाहीत, हे मुद्दाम सांगते. एका हवालदारबाईंनी त्यांच्या डब्यातली पोळीभाजी दिली.

खरा छळ पुढे. गोळी 'जिवंत' आहे की नाही याचा अहवाल एका सरकारी कार्यालयातून यायचा होता. नाव घेत नाही. माझा दादा साताऱ्याहून खेपा घालायचा. पहिल्यांदा सांगितलं, तुमचं पाकीटच आलेलं नाही. दुसऱ्यांदा, आलंय, पण पत्रातलं वर्णन आणि सीलवरचं लेबल जुळत नाही, त्रुटी काढून परत पाठवलंय. पाकीट ज्यांच्याकडे परत गेलं ते म्हणाले, आमच्या आवकमध्ये नोंद नाही. तीन आठवडे ते पाकीट मुंबईतल्या दोन टेबलांच्या मधे कुठेतरी होतं. दादाने विचारलं, साहेब, निदान तोंडी सांगा, कुठे आहे? तर उत्तर आलं, "प्रोसेसमध्ये आहे." आमच्या घरात अजूनही एखादी वस्तू सापडत नसली की ती प्रोसेसमध्ये असते.

प्रवासाची परवानगी कोर्टाकडून मिळायला सहा आठवडे गेले, बिनपगारी. आणि गुन्हा रद्द व्हायला चौदा महिने. तेव्हा फौजदारी संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच कामाला नव्या संहितेचं कलम ५२८ आहे. वकिलांचा सगळा भर 'जाणीवपूर्वक ताबा' या शब्दांवर होता. वस्तू जवळ असणं पुरेसं नाही, ती आहे हे माहीत असायला हवं. सर्वोच्च न्यायालयाचा १९७२ चा गुणवंतलाल खटल्यातला निकाल मला जवळजवळ पाठ झालाय. अशा एकट्यादुकट्या गोळीच्या केसेस उच्च न्यायालयांनी बऱ्याचदा रद्द केल्या आहेत, पण म्हणून निर्धास्त राहू नका. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा वाढलीय. माझ्या वेळी एक ते तीन वर्षं होती, आता दोन ते पाच. वकिलांवर झालेला खर्च सांगत नाही. त्यात सीझेड कंपनीची दोन शॅडो टू पिस्तुलं आली असती, होल्स्टरसकट.

आणि गुन्हा रद्द झाला म्हणजे संपलं असं नाही. डीएस-१६० या अमेरिकी व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो, तुम्हाला कधी अटक झाली होती का? शिक्षा झाली का, एवढंच नाही, अटक झाली का तेही. त्याला मी आयुष्यभर 'हो' म्हणणार आणि सोबत निकालाची प्रत जोडणार.

कोर्टात मला सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर मॅचच्या निकालाच्या छापील पानांचा. माझं नाव, डिव्हिजन, तारीख. (नंबर खालून दुसरा, न्यायाधीशांनी तो वाचला की नाही कोण जाणे.) शिकारीचं लायसन्सही जोडलं होतं, त्याबद्दल पुढे लिहिते. हे कागद फोनमध्ये ठेवा. आणि देव न करो, पण बॅगेत काही निघालंच तर "ही माझी नाहीच" वगैरे रचू नका. खेळतो, चुकून राहिली, हे पहिल्या मिनिटापासून सारखंच सांगा आणि वकील येईपर्यंत जास्त बोलू नका. मी वकील नाही, हा फक्त माझा अनुभव. तुमच्या केसला तुमचा वकील.

तर रेंजची बॅग वेगळी. ती विमानात जात नाही, ऑफिसात जात नाही, जिममध्ये जात नाही. माझी भडक केशरी आहे, गॅरेजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. मॅचला घातलेली पँट आणि जॅकेट धुवायच्या आधी खिसे उलटे करा, आणि भारतात येताना ती जोडी आणूच नका. रिकाम्या पुंगळ्यासुद्धा नकोत. भाच्याला कीचेन म्हणून पुंगळी नेणारा एक महाभाग मला माहीत आहे. काय सांगू.

आता दुसरी गोष्ट, जी कदाचित मी पहिली लिहायला हवी होती. तुम्ही एच-१बीवर आहात. फेडरल कायद्याच्या कलम ९२२ प्रमाणे नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या, म्हणजे एच-१बीसारख्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मुळात बंदी आहे. विकत घेणंच नाही, मित्राचं पिस्तूल हातात घेणं आणि रेंजवर भाड्याने घेणंही त्यात येतं. त्याला अपवाद आहेत आणि त्यातला आपल्यासारख्यांच्या रोजच्या उपयोगाचा एकच, चालू मुदतीचं हंटिंग लायसन्स. टेक्सासात ते दरवर्षी ३१ ऑगस्टला संपतं, मग तुम्ही जूनमध्ये का काढलेलं असेना. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. घरात अंडंही न शिजवणारी मी, पाकिटात हरणं मारायचा परवाना घेऊन फिरायचे. फोनवर १५ ऑगस्टचं रिमाइंडर लावा, तारीख आपोआप लक्षात राहते. इथे हलगर्जी झाली तर प्रकरण तुरुंग आणि हद्दपारीपर्यंत जातं, तेव्हा या मुद्द्यावर माझं नाही, इमिग्रेशन वकिलाचं ऐका. आणि तुमच्या 'मित्राचं वापरून बघतोय' या वाक्यामुळे मला जरा धडकी भरली, लायसन्स येईपर्यंत ते थांबवा. पिस्तूल घेताना दुकानातून होणारी पार्श्वभूमीची चौकशी 'डिलेड' येणं आपल्याला नेहमीचं आहे, घाबरू नका. आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचा असू द्या, नाहीतर काउंटरवरूनच परत पाठवतील.

राहता राहिला खेळ. त्यावर सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी फक्त जिथे माझं मत वेगळं आहे तेवढंच लिहिते.

शाळेत एनसीसीत .२२ रायफल चालवली होती, म्हणून मला वाटायचं आपल्याला येतं. काही येत नाही. तिथे आपण आडवे झोपून श्वास धरतो. इथे पळत जायचं, भिंतीच्या कडेने डोकावायचं, गुडघ्यावर बसायचं, मॅगझिन बदलायची आणि दर मिनिटाला प्लॅन विसरायचा. ट्रिगर दाबायची शिस्त तेवढी कामाला येते. बालेवाडीला एअर पिस्तूल खेळलेले दोघे इथे भेटले, त्यांचंही हेच म्हणणं.

पहिल्या वर्षी वेगाचा विचार करू नका असं सगळे सांगतात आणि सगळेच करतात, कारण हिट फॅक्टर म्हणजे गुण भागिले सेकंद. बत्तीस गोळ्यांची स्टेज, सगळे अल्फा (टार्गेटच्या मधल्या भागातले, पाच गुणांचे) लागले तर १६० गुण. चाळीस सेकंद घेतलेत तर हिट फॅक्टर ४. शेजारचा पोरगा वीस सेकंदांत १२० गुण घेऊन ६ करतो आणि तुम्हाला वाटतं, आपणही पळावं. पळा, पण त्याचा एक मिस म्हणजे वजा दहा, आणि ते पाच गुण बुडाले ते वेगळेच, हे तो सांगत नाही.

सुरक्षेत मला एकाच गोष्टीची धास्ती आहे, ती १८० ची रेष, म्हणजे तुमच्या अंगातून डावी-उजवीकडे जाणारी, टार्गेटांची बाजू आणि मागची बाजू वेगळी करणारी काल्पनिक रेष. नळी त्या रेषेमागे गेली की त्या दिवसापुरता तुम्ही घरी. उजव्या हाताच्या माणसाने डावीकडे पळताना मॅगझिन बदलली की हे हमखास होतं. मॅगझिन घालायला पिस्तूल तिरपं करतो, नळी डावीकडे वळते, अंगही डावीकडे वळलेलं, आणि दोन्हींची बेरीज होऊन नळी थेट प्रेक्षकांकडे. माझं तिसऱ्याच मॅचला झालं. आरओ "स्टॉप!" ओरडला तेव्हा मला वाटलं कोणाला तरी लागलं. स्वयंपाकघरात रिकाम्या पिस्तुलाने ओट्याकडून फ्रिजकडे चालत सराव करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत, दार बंद. घरचे हसले तर हसू द्या.

पिस्तूल? नऊ एमएमचं कुठलंही अख्ख्या आकाराचं, तुमच्या हातात बसणारं. मी तरी कॅरी ऑप्टिक्स या गटातून सुरू करा म्हणेन, म्हणजे काचेत नेमासाठी उजळ ठिपका (डॉट) दिसणारं पिस्तूल. चाळिशी आली की पुढची माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) आणि टार्गेट एकदम स्पष्ट दिसत नाही, हे सत्य आहे. डॉट बॅटरीवर चालतो आणि मॅचच्या सकाळीच मरतो, हेही सत्य आहे. जुने लोक नाक मुरडतात, मुरडू देत. पण ट्रिगर न झाकणारं स्वस्त कापडी होल्स्टर घेऊन आलात तर मीच तुम्हाला स्क्वॉडमधून (आपल्या गटातून) परत पाठवीन. त्याहून चांगलं म्हणजे पहिल्या दोन मॅचना काहीच न घेता या, टेप लावा, पडलेलं स्टील उभं करा. सकाळी साडेसातला स्टेज लावायला हात कमी पडतात. तेवढ्यात तुमच्या आकाराच्या हाताचा कोणीतरी भेटेल आणि त्याचं पिस्तूल दाखवेल. लायसन्स तोवर आलं असेल तर धरूनही बघा.

ऑगस्टात येत असाल तर पाणी जास्त आणा, बाकरवडी नको, हात तेलकट होतात.