शेडबाहेरची लाकडाची भट्टी 32 वर सेट केली तरी पोल्ट्रीत 38 होतं आणि पहाटे 26 वर येतं. टेम्परेचर कंट्रोलर बदलावा का?

नका बदलू. दुकानदार बदला म्हणेल, इलेक्ट्रिशियनही बदला म्हणेल, कारण बदलायला पाच मिनिटं लागतात आणि दोष शोधायला रात्र जाते. मी निफाड तालुक्यात ब्रॉयलरच्या बॅचा काढतो. आमच्याकडची थंडी तुम्ही पेपरात वाचत असालच, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाचच्या खाली गेला की बातमी येते. द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात, आम्ही पिल्लांसाठी भट्टी. त्यामुळे ‘कंट्रोलर बदलावा का’ असं कुणी विचारलं की मला राहवत नाही.

आमच्या भट्टीला शेडकडे जाणाऱ्या गरम हवेच्या पाइपाच्या तोंडाशी के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमानाचा सेन्सर, बसवलेलं आहे. एका जानेवारीत उंदरांनी त्याची केबल कुरतडली, तीही नेमकी पिल्लं उतरायच्या दिवशी. आमचे दाजी वायरिंगची कामं घेतात. ते आले, नवी लाल-पिवळी केबल ओढली, लाल प्लसला आणि पिवळी मायनसला लावली. मी म्हटलं, “दाजी, जुनी याच्या उलट होती.” ते म्हणाले, “लाल म्हणजे प्लस. आयुष्य गेलं माझं यात, मला शिकवू नको.” भट्टी गार होती. डिस्प्लेवर 14, शेजारी टांगलेल्या साध्या थर्मामीटरवरही 14. दाजी हात धुऊन जेवायला बसले.

भट्टी पेटवली आणि 14 चे 11 झाले. मग 6, मग शून्य, आणि पुढे वजा चिन्ह लागलं ते खालीच चाललं. पाइपाला हात लावला तर चटका, आणि डिस्प्ले म्हणतोय बर्फ पडतोय. कंट्रोलरला बिचाऱ्याला वाटतंय गारठा वाढलाय, म्हणून तो आगीला वारा घालणारा ब्लोअर रेटतोय. पाइपाचा रंग जळल्याचा वास सुटला. तोंडाजवळची पिल्लं चोची उघडून धापा टाकत पार पलीकडच्या चिकगार्डला, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कुंपणाला, जाऊन चिकटली. दाजींचं निदान तयारच होतं: “कंट्रोलर गेला. सकाळी नाशिकहून नवीन आणू.”

सकाळपर्यंत तुसावर काय उरलं असतं, ते पोल्ट्रीवाल्याला सांगायला नको.

थर्मोकपल मोजतं ते दोन टोकांच्या तापमानातला फरक. कंट्रोलर त्यात स्वतःकडचं तापमान मिळवून आकडा दाखवतो. भट्टी गार असताना फरकच नसतो, म्हणून वायरी उलट्या असल्या तरी आकडा बरोबर दिसतो. आग लागली की तोच फरक वजा होऊन येतो. मी मेन स्विच पाडला, दोन्ही वायरींची अदलाबदल केली, स्विच वर केला. आकडा थेट शंभराच्या वर गेला आणि ब्लोअर थांबला. दाजी काय म्हणाले असतील? “केबलवाल्यानं रंग चुकवलाय.”

हा वाद दर भाऊबीजेला निघतो, म्हणून इथे लिहूनच ठेवतो. अमेरिकन पद्धतीच्या के-टाइप केबलमध्ये पिवळी प्लस असते आणि लाल मायनस. आयईसी या आंतरराष्ट्रीय पद्धतीत हिरवी प्लस, पांढरी मायनस. रंगांवर विश्वास नसेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या आणि सोललेल्या तारांना लावा. मायनसची तार चुंबकाला ओढली जाते, प्लसची नाही. हे मी दाजींच्या डोळ्यांसमोर करून दाखवलंय. त्यावर तार भेसळीची असणार असं उत्तर मिळालं. शिवाय केबल कमी पडली म्हणून त्यांनी दुसऱ्या एका शेतकऱ्याकडे मध्ये साधी तांब्याची वायर जोडली होती, तीसुद्धा भट्टीच्या अंगाशी. तसा सांधा तापला की आकडा तेवढाच कमी येतो. तोडायचीच नाही ती केबल, किंवा जोडायची तर के-टाइपनेच.

आता तुमचं. तुमचा आकडा उलटा पळत नाही, म्हणजे तुमचा आजार वेगळा आहे. कंट्रोलर 32 ला ब्लोअर बंद करतो, पण लाकूड बंद होत नाही. गॅसच्या शेगडीसारखी लाकडाची कळ फिरवता येत नाही, निखारे तासभर धगधगतात. त्यात चिमणी हवा ओढतच असते. ब्लोअरच्या तोंडाला झडप नसेल किंवा राखेचं दार हवाबंद करणारी दोरी झिजली असेल तर बंद ब्लोअरमधूनही आगीला वारा मिळतो आणि 38 होतात. झडप बसवा, दोरी बदला, एका वेळी कमी लाकूड टाका. द्राक्षाच्या छाटणीची काडी फुकट मिळते म्हणून कोंबू नका, ती भसकन पेटते आणि लगेच संपते. पहाटेचे 26 तिच्यामुळेच असण्याची शक्यता जास्त. रात्रीला बाभळीचं वाळलेलं जाड लाकूड ठेवा, ओलं नको.

कंट्रोलरमधला डिफरन्शियल बघा, म्हणजे बंद झालेला ब्लोअर किती अंश उतरल्यावर पुन्हा चालू होतो तो फरक. तो 5 वर ठेवला असेल तर यंत्र सांगितलं तसंच वागतंय, 1 किंवा 2 करा. शेडचं तापमान मोजणारा सेन्सर पाइपाच्या तोंडासमोर नको, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला आणि तोंडापासून लांब हवा. सेटिंग 20 वर आणून बघा. आतला रिले टक् करून वाजला आणि तरी ब्लोअर चालूच राहिला, तर कॉन्टॅक्टरचे, म्हणजे ब्लोअरला वीज देणाऱ्या मोठ्या स्विचचे, पॉइंट चिकटलेत, कंट्रोलर निर्दोष आहे. सेन्सरचा संशय असेल तर उकळत्या पाण्यात धरा. आपल्या उंचीवर पाणी साधारण 98 ला उकळतं, त्यामुळे 100 दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. नवीन सेन्सर टाकला असेल तर मेनूत त्याचा प्रकार बदललाय का तेही पाहा. पीटी-100 हा वेगळ्या प्रकारचा सेन्सर लावून मेनूत के-टाइप ठेवला तर खरा आकडा कधीच येणार नाही.

एवढं करूनही आकडा नाचत असेल तर बदला कंट्रोलर, मी काही शपथ घातलेली नाही. वीज पडून गेलेले कंट्रोलर मीही पाहिलेत. आणि वायरीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे मी वर ओघात लिहून गेलो, पण ते ओघात करायचं काम नाही.

लाइट गेली की गरम हवा शेडमध्ये ढकलणारा दुसरा ब्लोअरही थांबतो आणि भट्टीच्या आतल्या, हवा तापवणाऱ्या ट्यूब नुसत्या भाजत राहतात. त्या ब्लोअरला इन्व्हर्टर किंवा जनरेटर हवाच. भाजून ट्यूब तडकली तर धूर गरम हवेत मिसळतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, धुराचा वास येतो. शेडमध्ये तो आला तर कंट्रोलरकडे बघत बसू नका. पडदे उघडा, बाहेर या, आणि ट्यूब वेल्ड होईपर्यंत ती भट्टी पेटवू नका.