स्विफ्टच्या चारही चाकांना २५ मिलिमीटरचे स्पेसर (चाक आणि ते जिथे बसते तो हब यांच्यामध्ये लावायच्या धातूच्या चकत्या) लावल्यास सस्पेन्शन आणि हाताळणीवर काय परिणाम होतो?

ट्रॅकची रुंदी, म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकांमधले अंतर, ५० मिलिमीटरने वाढते आणि वळणावर आतल्या चाकांकडून बाहेरच्या चाकांकडे जाणारा भार थोडा कमी होतो. खरा फायदा एवढाच. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबाच्या) मानाने चाकाची तरफ लांबल्यामुळे तीच स्प्रिंग चाकापाशी किंचित मऊ पडते, शॉक अॅब्सॉर्बरचा प्रभावही तेवढाच घटतो, आणि व्हील बेअरिंगवरचा वाकवणारा भार वाढतो.

मला अधिक गंभीर वाटतो तो स्टिअरिंगमधला बदल. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर, म्हणजेच स्क्रब रेडियस, बाहेरच्या दिशेने २५ मिलिमीटरने सरकतो; परिणामी खड्ड्याचा हिसका थेट हातात येतो, आणि एका बाजूची चाके ओल्या मातीवर असताना जोरात ब्रेक लावल्यास गाडी कोरड्या बाजूकडे ओढली जाऊ शकते. (कमी ऑफसेटच्या, म्हणजे चाक अधिक बाहेर बसवणाऱ्या, रिमनेही हेच घडते, फक्त एक जोड वाचतो.)

तरीही लावायचेच असतील, तर हबवर नेमके बसणारे, स्वतःचे स्टड (चाक बसवायचे बोल्ट) असलेले स्पेसरच घ्यावेत, नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि पूर्ण भारात टायर फेंडरला घासत नाही ना, हे तपासावे.