एखाद्या शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ परिसंवाद भरवतात, त्यात विज्ञान किती असतं आणि हारतुरे किती?

ते सत्कारमूर्तीवर अवलंबून असतं. ज्याने आयुष्यभर लोकांना वादाला विषय पुरवले, त्याच्या परिसंवादात शाल-श्रीफळ लवकर उरकतं. मी जलविज्ञानात काम करतो, म्हणून तिथलंच उदाहरण देतो: जून 2016 मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जलवैज्ञानिक एरिक वुड यांच्या सन्मानार्थ झालेला परिसंवाद. मी तिथे नव्हतो, पण त्यानिमित्ताने निघालेले निबंध अजूनही हाताशी ठेवतो.

वुड 1976 पासून प्रिन्स्टनला होते. पडलेल्या पावसातलं किती मुरतं, किती वाहून जातं, किती वाफ होऊन उडतं, हा हिशेब एका ओढ्यापुरता न मांडता अख्ख्या खंडाचा मांडायचा, हा त्यांचा ध्यास. 1994 मध्ये लियांग, लेटनमायर आणि बर्जेस यांच्यासोबत त्यांनी व्हीआयसी (व्हेरिएबल इन्फिल्ट्रेशन कपॅसिटी, म्हणजे जागोजागी बदलणारी मुरण्याची क्षमता) हे संगणकी मॉडेल मांडलं. ते नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाचा हिशेब करतं. नकाशाच्या एका चौकोनात सगळी जमीन सारखंच पाणी पीत नाही; काही भाग लगेच तुडुंब होतो आणि वरचं पाणी वाहू लागतं, काही भाग मात्र पीतच राहतो. ही तफावत त्यांनी एका वक्ररेषेत बसवली. कल्पना मूळची चीनमधल्या शिनआनजियांग मॉडेलची. आज भारतातही दुष्काळावर नजर ठेवायला व्हीआयसी वापरलं जातं.

खरी गंमत पुढे आहे. 2011 मध्ये वुड आणि बऱ्याच सहकाऱ्यांनी आवाहन केलं, की साऱ्या पृथ्वीचं मॉडेल 1 किलोमीटर किंवा त्याहून बारीक चौकोनांत चालवू या. याची गरज आपल्याला पटवून द्यावी लागत नाही. 25 किलोमीटरच्या एकाच चौकोनात महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही येऊ शकतात, आणि पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्माही नाही! सरासरी काढली की ती दोन्हीकडे चुकीची.

पण कीथ बेव्हन आणि हॅना क्लोक या जलवैज्ञानिकांनी 2012 मध्ये यावर जाहीर टीका केली. मुद्दा असा, की चौकोन बारीक केले म्हणून माहिती वाढत नाही. खाली माती कशी आहे, पाणी कुठल्या वाटेने झिरपतं, हेच ठाऊक नसेल तर अज्ञानच बारीक चौकोनांत छापून येतं. हे बेव्हन परके नव्हेत. मोजपट्टी बदलली की हिशेब कसा बदलतो, यावरच्या 1988 च्या निबंधात ते वुड यांचे सहलेखक होते. मला स्वतःला बेव्हन यांचं म्हणणं जास्त पटतं. घाटात पर्जन्यमापक विरळ असताना नकाशा कितीही देखणा काढला तरी त्यातला पाऊस अंदाजाचाच.

परिसंवादानंतर ‘हायड्रॉलॉजी अँड अर्थ सिस्टिम सायन्सेस’ या नियतकालिकाने वुड यांच्या सन्मानार्थ विशेषांक काढला. 2017 मध्ये त्यात आलेल्या निबंधांपैकी तीन वाचण्यासारखे आहेत. एक मोजपट्टीच्या प्रश्नावर, त्यात विदेच्या (डेटाच्या) ढिगातून जुनी गृहीतकं तपासायचा आग्रह आहे. दुसरा मॉडेलं भौतिकशास्त्राला कितपत धरून आहेत यावर. तिसरा उपग्रह, ड्रोन आणि क्यूबसॅट म्हणजे चिमुकले उपग्रह यांनी पाणी मोजण्यावर. तो सगळ्यात सोपा.

वुड 2019 मध्ये निवृत्त झाले आणि 2021 मध्ये गेले. चौकोनांचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही या विषयात नवे असाल, तर आधी 2011 चं आवाहन वाचा, लगेच बेव्हन-क्लोक यांची टीका आणि त्यावर वुड यांच्या गटाने दिलेलं उत्तर. विशेषांक त्यानंतर.