पिल्लांचा पिवळा बल्ब

प्रश्न : कोंबडीच्या पिल्लांना ऊब म्हणून डाल्यात साठचा पिवळा बल्ब लावतो. दुकानदार म्हणते, सरकार हे बल्ब बंद करून राहिलं. खरं काय? (एक वाचक, दारव्हा तालुका)

उत्तर : भाऊ, युरोपानं 2009पासून टप्प्याटप्प्यानं असे घरगुती बल्ब विक्रीतून काढले. आपल्याकडे देशभर विक्रीबंदी नाही. 2015च्या उजाला योजनेनं एलईडी स्वस्त केले, मग लोक आपसूक वळले. मला हीच वाट बरी वाटते. घरात 9 वॉटचा एलईडी साठच्या बल्बएवढा उजेड देतो, तिथं हट्ट नको. पण पिवळ्या बल्बची सुमारे नव्वद टक्के वीज उष्णतेत जाते, अन् पिल्लांना तीच तर हवी! एलईडीखाली ती गारठतील. बल्ब राहू द्या, फक्त उंच टांगा. खालचं तूस पेटायला वेळ लागत नाही.