ऑर्कचा अर्ज नेमका कुठे अडतो

प्रिय,

माणसांसोबत ऑर्क, ट्रोल, ड्वार्फ, एल्फ अशा काल्पनिक जमाती असलेल्या तुझ्या कादंबरीचा आराखडा वाचला. खासगी पोलिस कंपनीच्या दारावर तू ‘ऑर्कना प्रवेश नाही’ अशी पाटी लावली आहेस. ती काढ. ज्या कंपनीला शहराचं कंत्राट टिकवायचंय ती असं काही लिहून ठेवत नाही. तिचा भेदभाव मोजमापांत असतो, आणि तो जास्त जिव्हारी लागतो, कारण नाकारलेल्याला बोट दाखवायला समोर कुणी नसतंच.

म्हणून आधी भरतीचा फॉर्म लिही, प्रसंग नंतर. हेल्मेट तीनच मापांत येतं, ऑर्कचे सुळे आत मावत नाहीत, तो ‘सुरक्षा चाचणीत’ नापास. धिप्पाड ट्रोल गस्तीच्या गाडीत मावत नाही. बुटक्या ड्वार्फला किमान उंचीची अट. यात नवल काही नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात तुरुंगरक्षकासाठी 5 फूट 2 इंच उंची आणि 120 पौंड वजन लागे. अटीत ‘स्त्री’ हा शब्दच नव्हता, तरी 40 टक्क्यांहून अधिक स्त्रिया तिने गळत, पुरुष 1 टक्काही नाही. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली.

आकडे मांडून बघ. अमेरिकेत 1978 साली एक ढोबळ कसोटी ठरली: एखाद्या गटाच्या निवडीचा दर सर्वाधिक दराच्या चार-पंचमांशाखाली गेला, की भेदभावाचा संशय. तुझ्या कंपनीने 200 मानवांतून 60 घेतले, म्हणजे 30 टक्के. 50 ऑर्कांतून 6, म्हणजे 12. तिसाचे चार-पंचमांश 24, त्याच्या हे निम्मंच. उघड पकडली जाईल. मग ती आणखी 9 ऑर्क घेईल, पण गोदामाचे रखवालदार म्हणून: बिल्ला नाही, अटकेचा अधिकार नाही, बढती नाही. मोजणी मात्र त्याच तक्त्यात. दर झाला 30!

सगळ्यात सकस जागा आहे पूर्वेतिहासाची तपासणी. ऑर्कांच्या वस्तीत धरपकड करणारी हीच कंपनी, नोंदी ठेवणारी हीच, आणि त्याच नोंदी तिचं भरतीचं सॉफ्टवेअर चाळतं. गुन्हा सिद्ध झाला का, हा रकानाच नाही. जादूही इथेच आण. मुलाखतीतला मांत्रिक आभा, म्हणजे देहाभोवतीचं तेज, वाचतो, पण त्याची मोजपट्टी एल्फांच्या आभेवर बेतलेली. ऑर्कची साधी धडधड तिच्यावर ‘आक्रमक’ म्हणून उमटते. मांत्रिक प्रामाणिक असू दे. त्याला खलनायक केलंस, की तो हाकलला जाताच प्रश्न सुटल्यासारखा वाटेल.

एक चूक मात्र आजच दुरुस्त कर. ट्रोल तू जन्मजात मंदबुद्धी दाखवले आहेस. तसं असेल तर कंपनी बरोबरच ठरते आणि तुझी कादंबरी तिची वकिली करू लागते. ताकद, उंची, अंधारातली नजर यांत फरक ठेव. बुद्धी आणि सचोटी व्यक्तीगणिक बदलू दे.

फॉर्म झाला की नकाराचं पत्र लिही. दोनच ओळी, कारण न देता. दोन्ही मला पाठव, तिसरं प्रकरण त्यानंतर.